सुरकुती नावाची सावली

सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर आहे. एवढा अवाढव्य दिवा. पण चेहऱ्याचा फोटो काढायचा म्हटला की तो फार लहान ठरतो. घरातल्या खिडकीपेक्षा लहान, स्टुडिओतल्या मीटरभर रुंदीच्या सॉफ्टबॉक्सपेक्षा (फ्लॅशपुढे पांढरं कापड ताणलेल्या पेटीपेक्षा) तर कितीतरी लहान. पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकणाऱ्याने सगळ्यात आधी मनाला पटवून घ्यायची गोष्ट ही आहे. ती एकदा पटली, की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड कुठून आणि कसा पडलाय हे दिसल्याशिवाय राहत नाही.

हिशेब असा आहे. दिव्याचं माप पट्टीने घ्यायचं नसतं. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर तो नजरेचा किती भाग व्यापतो, ते त्याचं खरं माप. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, त्यामुळे तो फक्त अर्धा अंश रुंद दिसतो. पौर्णिमेचा चंद्रही तेवढाच दिसतो, आणि हात लांब करून धरलेल्या करंगळीआड तो सहज लपतो. आता मीटरभर रुंदीचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून मीटरभरावर ठेवा. तो ५३ अंश व्यापतो. चेहऱ्याच्या दृष्टीने हा दिवा सूर्याच्या शंभर पट रुंद झाला!

याचा परिणाम सावलीच्या कडेवर दिसतो. भर दुपारी नाकाची सावली वरच्या ओठावर पडते. नाकाचं टोक आणि सावली पडते ती जागा यांत २ सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. पूर्ण उजेड संपून पूर्ण सावली सुरू होईपर्यंत मध्ये एक पट्टा असतो. उन्हात त्या पट्ट्याची रुंदी भरते साधारण ०.२ मिलिमीटर. म्हणून उन्हातली सावली धारदार. मघाच्या सॉफ्टबॉक्ससमोर तोच पट्टा २ सेंटिमीटरचा होतो. सावली असतेच, पण ती नेमकी कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही.

याच मापाने आता सुरकुतीकडे पाहा. डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती म्हणजे कातडीतली एक बारीक घळ. फोटोत ती काळी रेघ म्हणून उमटते, पण तिथे काळं असं काही नसतं. घळीत आणि काठावर कातडीचा रंग एकच असतो. एकाच बाजूने आलेला उजेड तळाशी पोचत नाही, म्हणून रेघ दिसते. रुंद दिव्याचा उजेड कितीतरी दिशांनी घळीत उतरतो आणि रेघ पुसट होते. माणूस तोच, वय तेच. फोटोतली सुरकुती ही सावली असते. रोमरंध्रं, पुटकुळीचा उंचवटा, डोळ्यांखालची पिशवी, यातलंही बरंचसं सावलीच. मला या सगळ्या विद्येतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, कारण ती कळली की लाइटिंग आणि रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोवर हाताने केलेली दुरुस्ती, हे दोन वेगळे विषय उरत नाहीत. दोघांनाही सावलीच्या कडेशीच काम असतं. एक जण ते फोटो काढण्याआधी करतो, दुसरा काढल्यानंतर.

सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्या कापडात काही जादू आहे असा शिकणाऱ्यांचा बरेचदा समज असतो. कापडाचं काम उजेड पसरून दिवा रुंद करणं एवढंच. तोच सॉफ्टबॉक्स मागे १० मीटरवर न्या. कापड तेच, फ्लॅश तोच, पण आता तो जेमतेम ६ अंश व्यापतो आणि नाकाखालची सावली पुन्हा कडक होते. दिवा मागे नेताना आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि पांढरी भिंत चेहऱ्याच्या २ मीटर मागे असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड मिळतो. फोटोत ती गडद राखाडी येते. दिवा १० मीटरवर गेला की चेहरा १० मीटरवर आणि भिंत १२ मीटरवर, म्हणजे भिंतीला चेहऱ्याच्या सुमारे ७० टक्के उजेड. तीच भिंत आता उजळ येते. भिंतीला कुणी हातही लावलेला नसतो!

अंतराचा असाच एक खेळ कॅमेऱ्याच्या बाजूनेही असतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंटिमीटर धरा. मोबाइल हातात धरून ३० सेंटिमीटरवरून सेल्फी काढली, तर नाक ३० सेंटिमीटरवर आणि कान ४२वर. नाक कानांच्या मानाने ४० टक्के मोठं उमटतं. मागे दोन मीटरवर उभं राहिलं की हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. पोर्ट्रेटसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स चांगली म्हणतात, ती फोटोग्राफरला मागे उभं राहायला लावते म्हणून. नाकाचा आकार उभं राहण्याच्या जागेने ठरतो.

विजेच्या आधी स्टुडिओत दिवा नव्हता, छप्पर होतं: काचेचं छप्पर आणि उत्तरेकडची मोठी काचेची भिंत. १८३९ मध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा फोटो काढला. माणसाच्या चेहऱ्याच्या सर्वांत जुन्या फोटोंपैकी तो एक. त्या काळी चेहऱ्याला मिनिटंच्या मिनिटं न हलता राहावं लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात जोसेफ पेट्झवालने खास चेहऱ्यांसाठी भिंग तयार केलं. भिंग घासण्याआधी त्याने ते कागदावर गणिताने रचलं, आणि ही आकडेमोड इतकी मोठी होती की तिच्यासाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबाला पक्के सैनिक त्याच्या दिमतीला देण्यात आले. तोफगोळ्यांचे मार्ग मोजणाऱ्या माणसांनी चेहऱ्यांसाठी भिंग मोजून दिलं! जुन्या भिंगांपेक्षा ते कित्येक पट जास्त उजेड आत घेई. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. तरी मानेमागे लोखंडी टेकू लागायचाच. एकोणिसाव्या शतकातल्या उभ्या माणसांच्या फोटोंत पावलांच्या मागे नीट निरखलं, तर कधी कधी त्या टेकूचा तळ दिसतो.

उत्तरेचाच उजेड का? युरोपात दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला, त्यामुळे कामाच्या वेळात उत्तरेच्या काचेतून ऊन थेट आत येत नाही. येतो तो नुसता आकाशाचा उजेड, रुंद आणि जवळपास एकसारखा. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेकडे कललेला असतो, म्हणजे अडीच महिने युरोपचा नियम उलटा. मात्र त्यातला बराचसा काळ पावसाळी ढगांचा. ढग अर्ध्या अंशाचा दिवा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरून टाकतात. जूनच्या ढगाळ दुपारी ओसरीच्या कडेला बसलेल्या आजीचा फोटो साध्या मोबाइलवरही इतका सुंदर का येतो, ते यावरून कळेल.

आणि मुंबईत ही विद्या लवकर आली. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी आणि स्वतः जाणते फोटोग्राफर. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात स्वतःचा स्टुडिओ थाटला. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला.

त्या काळी फोटो ज्या काचेच्या प्लेटवर उमटे, तिला निळा-जांभळा उजेड तेवढा कळे. लाल रंग तिच्या लेखी अंधारच. म्हणून फार जुन्या फोटोंत कुंकू काळं दिसतं आणि गोऱ्या साहेबांचे निळे डोळे पांढुरके. कातडीतली तांबूस-तपकिरी छटाही प्लेटला गडद वाटे. प्रत्यक्षात जेमतेम जाणवणारा वांग किंवा फिकट ठिपके फोटोत ठळक उमटत. ग्राहक तक्रार करी की मी असा दिसत नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असे. रिटचिंग ही निव्वळ नटण्याच्या हौसेतून आलेली गोष्ट आहे असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. निम्मी गरज रसायनाने निर्माण केली होती.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात म्युनिकचा फोटोग्राफर फ्रान्झ हान्फस्टेंगल याने एकाच पोर्ट्रेटच्या दोन प्रती मांडल्या, एक रिटच न केलेली आणि एक केलेली. बघणारे थक्क झाले. निगेटिव्हवर हात फिरवता येतो हे त्यांना नवीन होतं.

हा हात कसा फिरतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण निगेटिव्हवर सगळंच उलटं असतं. फोटोत जी काळी रेघ दिसते, ती निगेटिव्हवर पारदर्शक फट असते. छापताना त्या फटीतून जास्त उजेड कागदावर जातो आणि कागद तिथे काळा पडतो. रिटचर त्या फटीवर पेन्सिलीने शिशाचा अगदी हलका थर चढवतो. उजेड अडतो, कागदावरची रेघ उजळते. पेन्सिल निगेटिव्ह काळी करत जाते आणि कागदावरचा माणूस तरुण होत जातो! कुठे गडद करायचं असेल तर बारीक पात्याने इमल्शन, म्हणजे निगेटिव्हवरचा चित्र धरणारा थर, खरवडायचं. पेन्सिलीची चूक पुसता येते, पात्याची नाही. गुळगुळीत निगेटिव्हवर शिसं धरत नाही, म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये राळ विरघळवून केलेलं द्रावण बोटाने चोळून तिला किंचित चिकट करायचं. पेन्सिलीचं शिसं लांब मोकळं करून सँडपेपरवर घासत अणकुचीदार करायचं. तिरक्या मेजावर दुधी काच, काचेमागून उजेड, वर निगेटिव्ह, हातात भिंग. आणि सुरकुतीवर सरळ रेघ कधी ओढायची नाही. बारीक वळणदार फटकारे एकमेकांत मिसळत न्यायचे, म्हणजे थर कातडीच्या पोतात विरून जातो. सावली किती उजळायची हा खरा प्रश्न. पूर्ण भरली तर डोळ्याचा कोपराच सपाट होतो आणि हसणारा माणूस हसेनासा होतो.

हॉलिवूडमध्ये १९३० च्या दशकात या कामाचा कळस झाला. फोटोग्राफर जॉर्ज हरेलने १९३१ च्या सुमारास अभिनेत्री जोन क्रॉफर्डचा काढलेला एक फोटो रिटचिंगच्या आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. आधीच्या फोटोत तिचा चेहरा ठिपक्यांनी भरलेला आहे. नंतरच्यात एकही ठिपका नाही. रिटचर जेम्स शार्पने त्या एका निगेटिव्हवर सहा तास काम केलं असं सांगतात. यात एक बारकावा आहे. तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके सावल्या नव्हत्या, ते कातडीतलं रंगद्रव्य होतं. कितीही रुंद दिवा लावला तरी रंगद्रव्य जात नाही. सावली दिव्याने सोडवता येते, रंगाला पेन्सिलच लागते. चेहऱ्यावरची एखादी खूण यातली कोणती, हे फोटो काढण्याआधीच ओळखणं हे शिकण्यातलं मोठं पाऊल आहे.

दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी हिंदी सिनेमाच्या ताऱ्यांचे काढलेले कृष्णधवल फोटो पाहिले की हॉलिवूडचं हे वळण मुंबईत किती ताकदीने उतरलं ते दिसतं. कडक उजेड, खोल सावल्या, केसांच्या कडेला मागून आलेली चमक. पुढच्या पिढीत गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी मऊ उजेडाची वाट धरली. त्यांच्या ‘चेहरे’ या पुस्तकातली माणसं प्रसिद्ध असूनही जवळची वाटतात, आणि त्यात त्या मऊ सावल्यांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

मऊ उजेडाच्या इतिहासात आपल्याकडचं एक नाव जगभर घेतलं जातं. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. तशा चौकात उजेड वरच्या आकाशातून झिरपत येतो, त्याला दिशा जवळजवळ नसते. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. दिव्यांनी कापड उजळलं, कापडाने माणसं. आज स्टुडिओत अम्ब्रेलात फ्लॅश मारणारा किंवा लग्नात छताकडे फ्लॅश वळवणारा प्रत्येक फोटोग्राफर हेच करत असतो.

दिशेबद्दल थोडक्यात. दिवा एका बाजूला, डोळ्यांच्या रेषेच्या वर ठेवला की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. दिवा समोर, पण उंचावर नेला की नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली येते आणि गालांची हाडं उठून दिसतात. अभिनेत्री मार्लेन डीट्रिचचा चेहरा ज्या उजेडाने ओळखला जातो तो हा. दिवा हनुवटीखाली नेला तर ओळखीचा माणूसही भेसूर दिसतो. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीतच धरतो आणि सावल्यांवरून आकार ओळखताना तो त्याच गृहीतकावर चालतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये अगदी साध्या राखाडी वर्तुळांनी हे दाखवून दिलं. वर्तुळाचा वरचा भाग उजळ असेल तर ते फुगीर दिसतं, चित्र उलटं केलं की तेच वर्तुळ खळगा दिसतं.

कातडीचं कामही अद्भुत आहे. तिच्यावर पडलेल्या उजेडातला थोडा भाग, साधारण चार-पाच टक्के, वरच्या तेलकट थरावरूनच परततो. त्याला कातडीचा रंग लागत नाही, दिव्याचाच रंग राहतो. ही चमक. बाकीचा उजेड आत शिरतो, पेशींमध्ये भरकटतो, रक्त आणि मेलॅनिन यांना भेटून रंग घेऊन बाहेर येतो. हा वर्ण. प्रत्येक चेहऱ्यावर हे दोन उजेड एकमेकांवर पडलेले असतात, आणि ते वेगळे करता येतात. दिव्यावर एक पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी गाळणी) आणि लेन्सवर त्याला काटकोनात दुसरा लावला की चमक जवळपास नाहीशी होते, कारण पृष्ठभागावरून परतलेला उजेड आपलं ध्रुवीकरण टिकवतो आणि आत भरकटलेला ते गमावतो. सावळ्या कातडीत आत गेलेला उजेड मेलॅनिन जास्त शोषून घेतं, त्यामुळे चेहऱ्याचा आकार दाखवण्याचं काम चमकेकडे जास्त येतं. अशा चेहऱ्यासाठी नुसता उजेड वाढवणं ही चुकीची वाट आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी लग्नांच्या अल्बमांनी ती चालून चेहरे राखाडी केले आहेत. रुंद दिवा बाजूला घेऊन कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर लांब मऊ चमक उमटवली की सावळा चेहरा जिवंत होतो. तिथे पावडर फासून चमक मारणं म्हणजे आकारच मारणं.

आता पेन्सिलीच्या जागी फोटोशॉप आहे. १९९० मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि २००२ मध्ये सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश. पुटकुळीवर क्लिक केलं की ती जाते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आत काय घडतं ते फार सुंदर आहे. गालाचा चांगला तुकडा उचलून पुटकुळीवर नुसता चिकटवला तर ठिगळ दिसतं, कारण गालावरचा उजेड वेगळा आणि इथला वेगळा. म्हणून तुकड्यातल्या प्रत्येक बिंदूचा उजेड उचलायचा नाही, शेजारच्या बिंदूपेक्षा तो किती कमी-जास्त आहे एवढा फरकच उचलायचा. मग अशी किंमत शोधायची, की आतले फरक गालाचे राहतील आणि कडेवरचा उजेड या जागेचा राहील. डफाची कड थोडी वाकडी करून तिच्यावर चामडं ताणलं तर ते वाकडेपणा हळूहळू मध्यापर्यंत वाटून घेतं, तसा इथे उजेडातला फरक आतपर्यंत वाटला जातो. या पद्धतीच्या मुळाशी प्वासाँचं समीकरण आहे. गुरुत्वाकर्षण आणि विद्युत क्षेत्र यांच्या अभ्यासात वापरलं जाणारं समीकरण लग्नाच्या फोटोतली पुटकुळी पुसतं! सिमेओं-देनी प्वासाँ १८४० मध्ये वारला. दागेरच्या शोधाची बातमी १८३९ च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीत सांगितली गेली, तेव्हा तो त्या अकादमीचा सदस्य होता.

दुसरी पद्धत कातडीचे दोन थर करते. उजेडाचे संथ चढउतार एका थरात, रोमरंध्रं आणि लव दुसऱ्यात. मग डोळ्याखालचा काळेपणा पोताला धक्का न लावता उजळता येतो. हे साधन फार ताकदीचं आहे, आणि त्याचा गैरवापर रोज डोळ्यांसमोर येतो. मेणासारखे चेहरे का खुपतात? गालावरची मोठी सावली सांगते की दिवा डावीकडे आहे. प्रत्येक रोमरंध्रातली बारीक सावलीही तेच सांगत असते. बारीक सावल्या पुसल्या की मोठ्या सावलीची साक्ष एकटी पडते आणि काहीतरी खोटं आहे हे नजरेला ताबडतोब कळतं. चांगले रिटचर एक साधा नियम पाळतात. दोन आठवड्यांत आपोआप जाणारं पुसावं, माणसासोबत राहणारं राहू द्यावं. पुटकुळी जाते, तीळ राहतो. सुरकुतीची सावली थोडी उजळते, पण तिथेच राहते.

एक जागा मात्र रिटचरने फार जपून हाताळावी, ती म्हणजे बुबुळ. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा साधारण ८ मिलिमीटर त्रिज्येचा बहिर्गोल आरसा आहे, आणि समोरचा जवळजवळ सगळा देखावा त्यात बारीक होऊन उमटतो. दिवाही. बुबुळातला पांढरा ठिपका चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स किंवा खिडकी, गोल असेल तर अम्ब्रेला. ठिपका घड्याळातल्या दहाच्या जागी असेल तर दिवा वर आणि फोटो पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. खाली दुसरी फिकट चमक असेल तर हनुवटीखाली रिफ्लेक्टर किंवा थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरलेला. मासिकाच्या मुखपृष्ठावरचा कुठलाही चेहरा मोठा करून पाहा, फोटोग्राफरने दिवे कसे मांडले होते ते डोळ्यांतच वाचता येतं. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली आणि फुकट शाळा मला माहीत नाही.

कोलंबिया विद्यापीठातल्या को निशिनो आणि श्री नायर यांनी २००४ मध्ये दाखवलं, की फोटोतल्या एका डोळ्यावरून त्या माणसाभोवतालचा परिसर पुन्हा उभा करता येतो. २०१३ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या रॉब जेन्किन्स यांनी, बारकावे टिपणाऱ्या पोर्ट्रेटमधल्या बुबुळातून कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या इतर माणसांचे चेहरे काढले, आणि बघणाऱ्यांना ते बऱ्याच प्रमाणात ओळखूही आले. २००७ मध्ये मायका जॉन्सन आणि हॅनी फरीद यांनी याच ठिपक्यांचा वापर बनावट फोटो पकडण्यासाठी केला. चेहरा, सावल्या, कातडीचा रंग, सगळं रिटचरने जुळवून घेतलेलं असतं. पण बुबुळातल्या ठिपक्याची जागा मोजली की दिव्याची दिशा निघते. एकाच फोटोत शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या डोळ्यांनी दोन निराळ्या दिशा सांगितल्या, तर ते दोघे त्या दिव्याखाली एकत्र उभे नव्हते.